आत्मविश्वास वाढला, पण कौशल्य?

समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना व्यसनी क्लायंटसोबत काम करायला कसं तयार करायचं? या विषयावर थिसिस करायचा म्हटलं, की पहिला आराखडा बहुतेक ठरलेला असतो. आधी प्रश्नावली, मग दोन दिवसांची कार्यशाळा, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढले की निष्कर्ष तयार! पण यात मोजलं काय? विद्यार्थ्याला स्वतःबद्दल काय वाटतं, तेवढंच.

इथे अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांचं काम उपयोगी पडतं. १९८३ मध्ये त्यांनी ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही पद्धत मांडली. उपदेश करायचा नाही. बदलाचं कारण क्लायंटच्याच तोंडून यायला हवं. समजा क्लायंट म्हणाला, “दारू सुटत नाही हो, पण पोरगी आता जवळ येत नाही.” नवखा समुपदेशक लगेच म्हणेल, “मग सोडून द्या ना!” सरावलेला म्हणेल, “पोरीचं दूर जाणं तुम्हाला फार लागलंय.” आणि गप्प बसेल.

ऐकायला सोपं वाटतं, पण जमतं का? २००४ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसनोपचार क्षेत्रातल्या १४० परवानाधारक व्यावसायिकांची यादृच्छिक पद्धतीने पाच गटांत विभागणी केली: फक्त कार्यशाळा, कार्यशाळा आणि प्रत्यक्ष सत्रांवर अभिप्राय, कार्यशाळा आणि वैयक्तिक मार्गदर्शन, हे तिन्ही, आणि स्वतःच वाचून शिकणारे. मग वर्षभर सत्रांची रेकॉर्डिंग तपासली. कार्यशाळेला अभिप्रायाची किंवा मार्गदर्शनाची जोड मिळाली, तिथे कौशल्य जास्त वाढलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, “मला हे जमतं” असं सांगणं आणि रेकॉर्डिंगमध्ये दिसलेलं कौशल्य, यांचा संबंधच आढळला नाही.

तुमच्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, ते सगळे काम करणारे व्यावसायिक होते. तेच निष्कर्ष विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावू नका. तोच तुमचा संशोधन-प्रश्न होऊ शकतो. दोन, प्रश्नावली ठेवा, पण सोबत सत्र रेकॉर्ड करा. क्लायंटची लेखी संमती घ्या. ते शक्य नसेल तर क्लायंटची भूमिका करणारी व्यक्ती घ्या. रेकॉर्डिंग दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं, आणि ते कार्यशाळेच्या आधीचं की नंतरचं, हे त्यांना कळू देऊ नये.

काम वाढेल, नमुना लहान होईल. चालेल. कारण उद्या त्या विद्यार्थ्यासमोर बसणाऱ्या माणसाला त्याच्या आत्मविश्वासाचा नाही, कौशल्याचा उपयोग होणार आहे.