अतिस्थूल रुग्णाची शुश्रूषा : एका डॉक्टरचे काम नव्हे

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ला कोहमारा येथे गोंदियाकडचा रस्ता मिळतो. एकीकडे २०१६ साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर दुसरीकडे साकोली व भंडारा ओलांडून नागपूरची मोठी रुग्णालये. या फाट्यावरून अतिस्थूल रुग्णास न्यावयाचे झाल्यास प्रश्न केवळ अंतराचा नसतो. स्ट्रेचर त्याचे वजन पेलेल काय, उतरवून घेण्यास पुरेशी माणसे असतील काय, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो ३५ च्या वर गेल्यास स्थूलता तीव्र मानतात. पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत हे वजन सुमारे ९० किलो होते. खादाडपणा व आळस एवढेच त्याचे कारण, हा समज मात्र चुकीचा आहे. आनुवंशिकता, संप्रेरकांतील बिघाड, काही औषधे व झोपेचे विकार यांचाही त्यात वाटा असतो. टिंगलीच्या भयाने पुष्कळ रुग्ण दवाखान्याची पायरी उशिरा चढतात.

रुग्णालयात साध्या गोष्टीही अडतात. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला अपुरा पडला, तर दाब आहे त्याहून अधिक दिसतो आणि नको ती औषधे सुरू होतात. झोपेत श्वास अडखळत असल्यास भूल देणे जोखमीचे ठरते. म्हणून भूलतज्ज्ञाने रुग्णास आधीच तपासावे लागते. कूस बदलण्यास एकटी परिचारिका पुरत नाही. आणि कूस न बदलल्यास शय्याव्रण होतात. रुग्ण फार काळ पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, तो टाळण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ त्यास लवकर हालते करतो. आहारतज्ज्ञ, मधुमेहाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून ठरविल्याखेरीज शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे इष्ट नाही.

मुंबईत याचे टोकाचे उदाहरण घडले. सुमारे ५०० किलो वजनाच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या इजिप्तच्या ईमान अहमद यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये मालवाहू विमानाने आणून क्रेनच्या साहाय्याने सैफी रुग्णालयात पोहोचविण्यात आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली उभारावी लागली. आधी द्रव आहारावर ठेवून मार्चमध्ये जठराचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलविण्यात आले व सप्टेंबरमध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. वजन उतरले तरी हृदय व मूत्रपिंडे यांची वर्षानुवर्षांची हानी भरून येतेच असे नाही.

अशा शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ब-१२ व ड यांची तपासणी जन्मभर करावी लागते. त्यामुळे रुग्ण घरी परतला म्हणजे आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्ती हेही त्या पथकात आले. त्यांच्या हाती शस्त्रक्रियेचा कागद, गोळ्यांची यादी व पुढील तपासणीची तारीख पोहोचली पाहिजे; एरवी थकवा व हातापायांची बधिरता घेऊन आलेल्या रुग्णाच्या दुखण्याचे मूळ कोहमाऱ्यात कोणास उमगावे?