कोयत्याचा रस आणि सुईचे रक्त



शेतकी खात्याच्या माणसाने यकृताच्या दुखण्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या लागणीच्या नोंदी घेताना गिरणाकाठच्या एका गावी जे ऐकले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. संबंधित सभासदांच्या संमतीनेच, नाव-गाव गाळून लिहितो आहोत.

वय साठीच्या घरातले. गावच्या शिबिरात त्यांनी रक्त दिले. रक्तपेढीने बोलावून सांगितले की रक्तात हिपॅटायटिस सीचा दोष दिसतो, पुढची तपासणी करून घ्या. त्यांनी तो कागद आठ महिने पेटीत ठेवला. आम्ही खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "भाऊ, मी कधी दारूले हात बी लावा नही. मंग माले हाई दुखणं कसं लागनं?" त्यांना कुणी सांगितले होते की औषधाला लाखो रुपये लागतात, विमावाले आधी लघवी तपासतात, त्यात दारू-गांजा निघाला तर औषध नाही आणि नाव मात्र गावभर होते. दारू न पिणारा माणूस केवळ संशयाच्या भीतीने घरी बसला!

आता, ही गोष्ट अगदीच हवेतली नाही. ती अमेरिकेतली आहे. सोफोसबुवीर या गोळीला तिथे डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत होती ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर! खर्च आवरण्यासाठी अनेक राज्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने अटी घातल्या: अमुक महिने दारू व नशा सोडलेली असावी, तसा तपासणीचा दाखला द्यावा. यकृत पुरते खराब होईपर्यंत थांबवण्याचेही प्रकार झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनेच राज्यांना याबद्दल समज दिली. पुढे न्यायालयात खटलेही चालले. आमच्या मते ती अट वैद्यकाची नव्हती, तिजोरीची होती.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या कंपनीने भारतीय औषध कंपन्यांना ही गोळी बनवण्याचे परवाने दिले आणि किंमत खाली आली. पंजाबने २०१६ साली मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे; त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. यकृत घट्ट झालेले नसेल तर सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, रोज एकेक, बारा आठवडे. शंभरात पंचाण्णवाहून अधिक बरे होतात. डॉक्टर व्यसनाबद्दल विचारतात जरूर, कारण दारूने यकृत लवकर झिजते. पण सुईने नशा करणाऱ्यालाही औषध नाकारायचे नाही, असाच शास्त्राचा कल आहे. त्याला बरे केले तर पुढची लागण थांबते.

खासगी विम्याचे मात्र पाहून घ्या. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित यादीत दारू, अमली पदार्थ आणि त्यांच्या परिणामांवरील उपचार वगळण्याचे कलम आहे. शिवाय बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देतात. घरी घ्यायच्या गोळ्यांचा नव्हे. अर्ज भरताना आधीचे दुखणे लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

मग या सभासदांना लागण कशी झाली? तरुणपणी अपघातात त्यांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. हा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. त्याआधीच्या रक्ताची तपासणी होणार कशी? उसाचेच बघा. खोडवा खुरटवणारा रोग कोयत्याला लागलेल्या रसातून एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो आणि वरून ऊस निरोगी दिसतो. म्हणून आपण बेण्याला ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवतो आणि कोयता निर्जंतुक करतो. हिपॅटायटिस सीही तसाच, वर्षानुवर्षे मुका. डोळे पिवळे होतातच असे नाही; त्यामुळे कावीळ उतरवून घेणाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. एकाच सुईने अनेकांना टोचणे, जत्रेतले गोंदण, न्हाव्याचे जुने पाते यांपासून सावध राहावे. एका ताटात जेवल्याने वा शेजारी बसल्याने तो लागत नाही, हे घरच्या मंडळींना आवर्जून सांगावे.

ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे किंवा गावोगाव फिरणाऱ्याकडून सुया टोचून घेतल्या आहेत, त्यांनी जिल्हा रुग्णालयात किंवा धुळे, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या कार्यक्रमाबद्दल विचारावे. पहिली तपासणी दोषी आली तरी घाबरू नये. रक्तात विषाणू खरोखर आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीत कळते.

आमच्या सभासदांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. विषाणू गेला की नाही ते संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पाहतात. ती तारीख नेमकी त्यांच्या तोडणीच्या पाळीत येते आहे. चिटबॉयला सांगून त्यांचा गट दोन दिवस पुढे ढकलला आहे.