धनी सातासमुद्रापलीकडे

मुलगा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत लागो की गोव्यात वेर्ण्याला, घरची वडीलधारी माणसे आधी पगार विचारतात आणि मग ‘साहेब कोण?’ असे विचारतात. हा दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुष्कळ कारखान्यांच्या फाटकावर जे नाव असते ती एखाद्या परदेशी कंपनीची उपकंपनी असते. नेमणुकीच्या पत्रावर सही इथल्या व्यवस्थापकाची. परंतु कारखाना वाढवावयाचा की मिटवावयाचा याचा निकाल हजारो मैलांवर लागतो. भरती, शिक्षण, पगार, बढती, तंटा, निवृत्ती या सर्वांना मिळून अलीकडे ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. बहुराष्ट्रीय कंपनीत या शास्त्राचा खरा गुंता एवढाच की, यांपैकी कोणती गोष्ट इथे ठरावी आणि कोणती तिकडे.

हा गुंता कसा पडतो हे पाहण्यासाठी शिवडीला जाऊ या. लालबाग, परळ, शिवडी ही नावे आपल्याकडच्या चाकरमान्यांच्या घरांत नवी नाहीत. लिव्हर ब्रदर्सने १९३३ साली हिंदुस्थानात कंपनी स्थापन केली आणि १९३४ मध्ये शिवडीच्या कारखान्यातून साबण निघू लागला. त्या काळचे वरचे अधिकारी अर्थातच विलायतेहून येत. असा साहेब कंपनीला महागात पडतो. त्याचा बंगला, मुलांच्या शाळा, मायदेशाची रजा, जाण्यायेण्याचे भाडे, सारे कंपनीच्या शिरावर; शिवाय तो इथल्या बाजाराची नस ओळखू लागतो न लागतो तोच बदलून जातो. मग कंपन्या त्याला पाठवतात तरी का? विश्वासाचा माणूस हाताशी असावा, मुख्य कचेरीची रीत जशीच्या तशी इकडे यावी, म्हणून. हॉवर्ड पर्लमटर या अभ्यासकाने १९६९ साली कंपन्यांच्या वृत्तींचे तीन प्रकार सांगितले: सर्वत्र आपलीच माणसे व आपलीच रीत चालवणारी, ज्या त्या देशाचा कारभार तिथल्या माणसांवर सोपवणारी, आणि माणूस कोठला हे न पाहता जगातून लायक तो निवडणारी. आमच्या समजुतीप्रमाणे एकच कंपनी एकाच वेळी या तिन्ही प्रकारांनी वागू शकते. हिशेबाच्या बाबतीत पहिल्या, विक्रीच्या बाबतीत दुसऱ्या.

लिव्हरने १९४२ साली इंग्रजांच्या जागी हिंदी अधिकारी तयार करण्याचे ठरवले. विलायतेहून सनदी हिशेबनीस होऊन आलेले प्रकाश टंडन १९३७ मध्ये कंपनीत शिरले होते. ते १९५१ साली पहिले भारतीय संचालक आणि १९६१ साली हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्या वर्षी २०५ व्यवस्थापकांपैकी १९१ भारतीय होते, असे कंपनीचा स्वतःचा इतिहास सांगतो. हे काही दानधर्म म्हणून झाले नाही. देश स्वतंत्र झाला होता, आणि इथला साबण इथल्या खेड्यांतच खपवावयाचा होता. पुढे तर शिडी उलटीही चढली. कोल्हापुरात वाढलेल्या आणि सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात इंजिनीयर झालेल्या लीना नायर १९९२ साली या उपकंपनीत उमेदवार म्हणून लागल्या. २०१६ मध्ये त्या मूळ युनिलिव्हर कंपनीच्या साऱ्या जगातील मनुष्यबळाच्या प्रमुख झाल्या. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आशियाई. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी शानेल कंपनीचा कारभार हाती घेतला.

अधिकाऱ्यांची शिडी अशी लंडनपर्यंत पोचली. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र ती शिडी नव्हती. त्याच शिवडीत १९८८-८९ साली सुमारे वर्षभर टाळेबंदी चालली. कामगारांनी हात जोडून बसण्याऐवजी स्वतः धुण्याची पावडर तयार करून विकली आणि तिचे नाव ठेवले ‘लॉकआउट’! साहेब आता आपल्याच देशाचा होता, भाषा समजणारा होता. तरी तंटा मिटला नव्हता. व्यवस्थापक देशी झाला म्हणजे सर्व झाले असे मानणाऱ्यांनी हे वर्ष आठवावे. पुढे कारखाना दुसऱ्या कंपनीकडे सोपवून बंद करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा अन्नधंद्यातील कामगारांच्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००६ साली ब्रिटिश सरकारच्या कचेरीत तक्रार गुदरली. श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेने १९७६ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी वर्तनाचे नियम केले आहेत, त्यांचा आधार घेऊन. हे नियम कंपनीवर सक्तीचे नाहीत. तरीही मुंबईच्या फाटकावरचे गाऱ्हाणे, जिथे धनी बसतो त्या राजधानीत मांडता येते, ही वाट त्यामुळे उघडली.

आता आरसा फिरवू या, कारण आपणही धनी झालो आहो. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही युरोपीय पोलाद कंपनी घेतली. वेल्समधील पोर्ट टालबटच्या जुन्या झोतभट्ट्या तोट्यात चालत. जानेवारी २०२४ मध्ये त्या बंद करण्याचे जाहीर झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटची भट्टी विझली. सुमारे २,८०० नोकऱ्या जाण्याचा तो बेत होता. विजेच्या नव्या भट्टीसाठी १२५ कोटी पौंडांची योजना झाली, त्यांत ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. हिशेब कंपनीच्या बाजूचा असेल. परंतु तिथल्या गावकऱ्यांना जे वाटले ते शिवडीच्या माणसाला सांगावे लागणार नाही.

आपल्या मुलामुलींनी निदान कागद तरी नीट वाचावा. पत्र मूळ कंपनीचे आहे, उपकंपनीचे आहे की ठेकेदाराचे? ठेकेदाराचे असेल तर कंपनीचे नाव फाटकावरच राहते. भारतातल्या कचेरीने जर्मनीला, नेदरलँड्सला किंवा बेल्जियमला काही काळ पाठवले, तर निघण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाकडून दाखला घ्यावा. या देशांशी भारताचे करार आहेत. दाखला असला म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत तिकडची वर्गणी भरावी लागत नाही, इकडचीच चालू राहते. तो मागण्याचे काम कंपनीचे असते, पण तो आपल्या हाती पडला की नाही हे पाहण्याचे काम ज्याचे त्याचे.