आगंतुक पाहुण्यांना करा टाटा-बायबाय!

ब्राउझर उघडला की जाहिरात, सर्च केलं की भलतंच पान... घरच्या कॉम्प्युटरमध्ये हे ॲडवेअर शिरतं कसं, आणि त्याला बाहेर काढायचं कसं?

शनिवारी दुपारी साताऱ्याला घरी पोचले. आईने पोह्यांची डिश हातात दिली आणि हळूच म्हणाली, ‘अगं, आठवडा झाला, बाबा कॉम्प्युटरला हातच लावत नाहीयेत.’ नेटवर चार पेपर वाचल्याशिवाय ज्यांचा सकाळचा चहा पूर्ण होत नाही, ते बाबा! विचारलं तर म्हणे, ‘काही नाही गं, नेट स्लो आहे.’

मी मशीन सुरू केलं. उजव्या कोपऱ्यात टिंग! ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस!’ टिंग! ‘अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात!’ तिसरी जाहिरात बाबांसमोर वाचण्यासारखी नव्हती. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग बाबांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर एक फोन नंबर. ‘स्क्रीनवर आला होता. ताबडतोब फोन करा म्हणत होतं. म्हटलं, तू येतेयस तर आधी तुला विचारावं. माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार.’

माझ्या पोटात गोळा आला. कारण अशा नंबरवर ‘इंजिनिअर’ भेटतो, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो आणि मग हळूच बँकेच्या साइटवर येतो. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्टच सांगून ठेवलंय, की आमच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. म्हणजे व्हायरसच्या इशाऱ्यासोबत नंबर दिसला, की समजायचं, मामला फ्रॉड आहे!

फंडा काय आहे?

ॲडवेअर बहुतेक वेळा कुलूप तोडून येत नाही, बॉस. दार आपणच उघडतो. सायबर कॅफेच्या जमान्यात फुकट सॉफ्टवेअरसोबत टूलबार यायचे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ केलं की ब्राउझरच्या डोक्यावर तीन-तीन पट्ट्या! आता पट्ट्या गेल्या, पण ट्रिक तीच. बाबांनी हयातीच्या दाखल्याच्या कामासाठी एक फुकटचं पीडीएफ जोडणारं एक्स्टेन्शन टाकलं होतं. आणि कुठल्याशा पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं आलं, तेही दाबलं. त्या एका क्लिकने त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळाला. म्हणूनच सफाई म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, दिलेले परवाने एकेक करून परत घ्यायचे.

सफाईचा क्रम

१. नोटिफिकेशन : क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. ‘अलाऊड’च्या यादीत अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक. आमच्याकडे अशा ११ साइट निघाल्या! टिंगटिंग तिथेच थांबली. म्हणजे ते ‘५ व्हायरस’ नव्हतेच, ती फक्त जाहिरात होती.

२. एक्स्टेन्शन : जे आठवत नाही, जे लागत नाही, ते रिमूव्ह. जुनं आहे म्हणून सूट देऊ नका. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे २० लाखांहून जास्त लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्याच मालकाला विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून बंद केलं.

३. प्रोग्राम : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलंय? नको असलेलं अनइन्स्टॉल करा.

४. सर्च इंजिन आणि स्टार्टअप पेज : दोन्ही आपल्या पसंतीचं करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझर शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘टार्गेट’ही बघा. शेवटी भलत्याच साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा.

५. स्कॅन : विंडोज सिक्युरिटीमधून फुल स्कॅन. सोबत मालवेअरबाइट्सचं फुकट ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ चालवा, पण त्यांच्याच साइटवरून घेतलेलं. क्रोमचं स्वतःचं सफाईचं टूल २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये ते शोधत बसू नका.

६. रिसेट : एवढं करूनही भूत उतरत नसेल तर क्रोमचं ‘रिसेट सेटिंग्ज’. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन मात्र सगळी बंद होतात.

तरी परत आलंच तर? सिंक तपासा. त्याच अकाउंटवर ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तेच एक्स्टेन्शन बसलं असेल, तर ते तिथून पुन्हा घरी येतं. आणि घरच्या मशीनवर क्रोम ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ म्हणत असेल तर सावधान. घरात कसली आलीय ऑर्गनायझेशन? ॲडवेअरने पॉलिसी बदललेली असू शकते. अशा वेळी सरळ जाणकाराला दाखवा.

पुन्हा येऊ नये म्हणून विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन नको असलेली ॲप्स अडवणारा पर्याय सुरू करा. काम दोन मिनिटांचं.

आणि कुणी तो फोन करून बसलाच असेल, तर आधी नेट बंद. बँकेला फोन, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

पाऊण तासात आमचा कॉम्प्युटर चकाचक झाला. पण मला टोचत राहिलं ते वेगळंच. आठवडाभर बाबा गप्प होते. व्हायरसला नाही, स्वतःचीच चूक निघेल म्हणून घाबरले होते. मागच्या वेळी त्यांनी प्रिंटरचं विचारलं होतं, तेव्हा मी फोनवर ‘किती वेळा सांगू, बाबा?’ असं खेकसले होते. त्या एका वाक्यामुळे तो दुसरा फोन जवळजवळ लागलाच होता की!

तेव्हा या वीकेंडला घरी फोन करा आणि सहज विचारा, ‘कॉम्प्युटर काय म्हणतोय?’ आणि हो, उत्तर काहीही येवो, चिडायचं नाही!