सोंगणीच्या हंगामात गाडी दम टाकते तेव्हा: डिझेल टाकी, पंप आणि फिल्टरची तपासणी

कृषी सल्ल्याच्या पानावर गाडीच्या टाकीची गोष्ट कशाला, असे आपल्याला वाटेल. कारण साधे आहे. मेहकर, लोणार भागात सोयाबीन सोंगून गंजी लावली, थ्रेशरमधून काढली, पोती पिकअपमध्ये भरली आणि बाजार समितीच्या वाटेवर गाडी बंद पडली, वरून परतीचा पाऊस आला, की चार महिन्यांची मेहनत ताडपत्रीच्या भरवशावर उरते. दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो, आणि त्या वेळी बिघाड किती किरकोळ होता याला काही अर्थ राहत नाही.

मागच्या एका हंगामात माझ्यासमोर अशीच एक भरलेली पिकअप चढावर थांबली. चालकाने दोनदा सेल्फ मारला, मग नवीन फिल्टर आणायला माणूस पाठवला. तेवढ्यात कुणीतरी टाकीचे झाकण उघडले, तर सुस्स असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली. गाडी सुरू झाली आणि बाजारापर्यंत गेली. झाकणाला हवा घेण्यासाठी बारीक मार्ग असतो, तो धूळ आणि कुटाराने बुजला होता. डिझेल कमी होते तशी त्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. म्हणून गाडी बंद पडली की सर्वांत आधी झाकण उघडून पाहा. यात पैसा जात नाही, मिनिटही लागत नाही.

झाकण ठीक असेल तर लक्षणे नीट पाहावीत. रिकामी गाडी चांगली चालते, माल भरला किंवा चढ लागला की दम टाकते, तर डिझेल येते पण पुरेसे येत नाही. फिल्टर चोंदला आहे किंवा टाकीतील ओढनळीच्या तोंडाची जाळी भरली आहे. काही किलोमीटर चालून बंद पडते, पंधरा मिनिटे थांबले की परत चालू होते, असे असेल तर माझा संशय टाकीतल्या गाळावर जातो. पंप ओढत असताना गाळ जाळीला चिकटतो, इंजिन थांबले की खाली सुटतो. अशा वेळी फिल्टर कितीही बदला, दुखणे टाकीत आहे. सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि नंतर ठीक चालते, तर नळीच्या जोडातून किंवा वायसरमधून हवा शिरते का ते पाहावे. पांढरा धूर आणि झटके असतील तर पाण्याची शक्यता धरा. काळ्या धुराचे कारण मात्र बहुधा इकडे नसते, तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा.

पाणी आहे का हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. फिल्टरच्या तळाचा निचरा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि दहा मिनिटे हलवू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली वेगळे दिसते. हे पाणी येते कुठून? अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्याला धरते आणि थेंब खाली उतरतात. म्हणून टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी. दुसरी वाट म्हणजे घरी कॅनमध्ये साठवलेले डिझेल. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि चिकट काळपट साय धरते, ती फिल्टर फार लवकर चोंदवते. कॅनमधील डिझेल एक दिवस स्थिर ठेवून वरचेच घ्यावे, तळाचे चार बोटे सोडून द्यावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पिंपात डिझेल साठवू नये.

फिल्टर बदलल्यावर हवा काढावीच लागते. साधा यांत्रिक पंप असलेल्या ट्रॅक्टरवर फिल्टरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा, मग इंजेक्शन पंपावरही तसेच करा. नवीन कॉमन रेल गाड्यांवर मात्र नोझलकडे जाणाऱ्या नळीची ढिबरी कधीही सैल करू नका. तिथे दाब 1,000 बारच्याही वर असतो आणि बारीक धार कातडीत घुसते. अशी जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जावे.

आता टाकीतील पंपाविषयी. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांत विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो. काही डिझेल गाड्यांतही असतो, तर काहींत तो इंजिनजवळ असतो. आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे. हा पंप इंधनानेच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय त्याला लवकर मारते. पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवली की मागून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर लगेच पंप बदलायला धावू नका. आधी फ्यूज, मग रिले, मग टाकीवरचा प्लग. प्लगमध्ये चावी फिरवताना 12 व्होल्ट येतात, अर्थही नीट आहे आणि पंप गप्प आहे, तर पंप गेला. वीजच येत नसेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. पंप बदलताना टाकी धुतली नाही आणि जाळी तीच ठेवली, तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी बसते.

पेट्रोलची टाकी उतरवणे हे वावरातले काम नाही, ते गॅरेजवर सोडावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर लक्षात ठेवा, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

समृद्धी महामार्गाने माल नेणाऱ्यांसाठी एक सांगणे. मेहकरला वर चढण्याआधी गाडी एकदा जरी अडखळली तरी वर जाऊ नका, खालीच तपासा. तिथे रात्री लेनमध्ये थांबलेली गाडी मागून येणाऱ्याला उशिरा दिसते.

आणि एक सवय आजच सोडा. टाकी रिकामी करताना नळी तोंडात धरून डिझेल ओढू नका. घोटभर डिझेल फुप्फुसात गेले तरी गंभीर न्यूमोनिया होतो. चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. थेट दवाखाना गाठावा. हाताचा सायफन पंप फार महाग नसतो, तो थ्रेशरच्या पेटीतच ठेवावा. काढलेले गढूळ डिझेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवर द्या.