वासराचे अंग बाहेर आले तर काय कराल?



वासराला हगवण लागते, ते सारखे कुंथते आणि एखाद्या दिवशी शेपटीखाली लालभडक गोळा लोंबताना दिसतो. ही गाठ नव्हे. गुदद्वारातून उलटून बाहेर आलेले ते आतडेच आहे. याला गुदभ्रंश म्हणतात. म्हणून तो गोळा दोऱ्याने आवळू नका, कापू नका, राख किंवा चुना फासू नका.

आधी डॉक्टरांना निरोप धाडा. ते येईपर्यंत गोळा स्वच्छ गार पाण्याने धुवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. माश्या, कावळे बसू देऊ नका. सूज फार असेल तर वरून साखर पसरा. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना? तशीच साखर सुजेतले पाणी ओढून घेते.

डॉक्टर काय करतात? शेपटीच्या मुळाशी, मणक्यांच्या फटीत भुलीचे इंजेक्शन देतात. कुंथणे थांबते. मग तेलकट औषध लावून गोळा तळहाताने हळूहळू आत सारतात. तो पुन्हा येऊ नये म्हणून वाकडी सुई आणि जाड फीत घेऊन गुदद्वाराभोवती गोल टाका घालतात; अगदी बटव्याच्या नाडीसारखा. मात्र नाडी पुरती आवळत नाहीत. वासराला एक बोट, मोठ्या जनावराला दोन-तीन बोटे जाईल एवढी वाट शेणासाठी ठेवतात. साधारण आठवड्याने टाका काढतात.

उशीर झाला, गोळा काळा पडला, तर तो आत घालून चालत नाही. तेव्हा दोन लांब सुया फुलीसारख्या आरपार घालतात, म्हणजे चांगले आतडे आत निसटत नाही. मग मेलेला भाग कापून कडा शिवतात. पहिल्याच दिवशी बोलावले तर बहुधा ही पाळी येत नाही.

टाका घातला म्हणजे काम संपले असे नाही. शेण पडते का, रोज पाहा. मऊ हिरवा चारा आणि भरपूर पाणी द्या. जंत, हगवण किंवा बद्धकोष्ठ, जे मूळ असेल त्यावर औषध करा. नाहीतर टाका काढताच गोळा पुन्हा बाहेर येईल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पिसाळलेले कुत्रे चावलेले जनावरही सारखे कुंथते. लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर हात न लावता डॉक्टरांना तसे सांगा.