केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिका : नव्या श्रोत्यासाठी प्रवेशाच्या वाटा

प्रस्तावना

जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीविषयी महाराष्ट्रात एक समज रूढ आहे. ही गायकी अवघड, बुद्धिप्रधान आणि केवळ जाणकारांसाठी आहे, असे मानले जाते. या समजाला आधार नाही असे नाही. अनवट व जोडरागांचे प्राबल्य, पेचदार तानक्रिया आणि लयीशी बांधलेली स्वररचना यांमुळे प्रथमच ऐकणारा श्रोता गोंधळतो आणि बहुधा पुन्हा त्या वाटेला जात नाही. विशेष खेदाची गोष्ट अशी की, ज्या कोल्हापुरात ही गायकी राजाश्रयाने रुजली, तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही ती परकी वाटते. प्रस्तुत लेखात या घराण्याच्या एका श्रेष्ठ गायिकेच्या, सूरश्री केसरबाई केरकर (1892-1977) यांच्या ध्वनिमुद्रणांचा विचार केला आहे. त्यांपैकी कोणते आधी ऐकावे, कोणते मागाहून ऐकावे आणि कसे ऐकावे, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

ऐकण्याच्या क्रमाचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. सेसिल टेलर (1929-2018) या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचे 1966 मधील ‘युनिट स्ट्रक्चर्स’ हे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकणाऱ्यास त्यात सूर, ठेका, चाल यांपैकी काहीच हाती लागत नाही. मात्र त्याच वादकाच्या 1956 मधील ‘जॅझ ॲडव्हान्स’ या ध्वनिमुद्रिकेत कोल पोर्टर, एलिंग्टन, मंक यांच्या परिचित रचना आहेत. ओळखीची चाल तो कोठे मोडतो आणि का मोडतो, हे तेथे ध्यानात येते. मूळ वस्तू माहीत असल्याखेरीज तिच्यावर कलावंताने केलेला संस्कार कळत नाही, हे तत्त्व केसरबाईंच्या गायनालाही लागू पडते.

पार्श्वभूमी

घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (1855-1946) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात राजर्षी शाहू छत्रपतींच्या पदरी कोल्हापुरास आले. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबईस बस्तान हलविले. त्यांच्या स्वतःच्या गायनाची ध्वनिमुद्रिका नाही. ज्या गायकाने महाराष्ट्राच्या संगीतरुचीला वळण लावले, त्याचा आवाज पुढील पिढ्यांना ऐकताच येऊ नये, ही गोष्ट चुटपुट लावणारी आहे. त्यामुळे खाँसाहेबांच्या विचाराकडे जाण्याचा मार्ग शिष्यांच्या ध्वनिमुद्रिकांतूनच जातो. मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, निवृत्तीबुवा सरनाईक ही या परंपरेतील मोठी नावे होत. त्यांत केसरबाईंचे स्थान अग्रभागी आहे.

केसरबाईंचा जन्म गोव्यात फोंड्याजवळील केरी या गावी झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास आल्या आणि तेथे सुमारे आठ महिने त्यांनी अब्दुल करीमखाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा बखले असा गुरूंचा प्रवास करीत 1921 मध्ये त्या अल्लादियाखाँच्या शिष्या झाल्या. आधी अनेक ठिकाणी शिकलेला आवाज खाँसाहेबांनी नव्याने घडविला, असेच म्हणावे लागेल. तिन्ही सप्तकांत सारख्याच भरावाने फिरणारा, मोकळ्या आकाराचा तो आवाज ही ध्वनिमुद्रिका ऐकताना सर्वप्रथम जाणवणारी गोष्ट आहे.

तीन मिनिटांची तबकडी

केसरबाईंचे प्रकाशित गायन मुख्यतः 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. अशा तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपासच वेळ मिळे. मैफलीत अर्धा-पाऊण तास चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविणे हा त्या काळातील प्रत्येक गवयापुढचा पेच होता. अनेकांनी तो चीज भराभर म्हणून व शेवटी चार ताना मारून सोडविला. केसरबाईंच्या तबकड्यांत मात्र ख्यालाची सारी अंगे लहान प्रमाणात, पण यथास्थित आढळतात. मुखडा, स्थायी, थोडी आलापी, अंतरा, मग तानक्रिया या क्रमात घाई जाणवत नाही. नवख्या श्रोत्यासाठी हा लाभच आहे. पाऊण तासाच्या गायनात वाट चुकण्याचा संभव असतो. साडेतीन मिनिटांचे गायन एका बैठकीत चार वेळा ऐकता येते.

या गायकीतील कोडे उलगडण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, तीनतालाची लय मिनिटाला पन्नास मात्रा इतकी आहे. मग सोळा मात्रांचे एक आवर्तन सुमारे एकोणीस सेकंदांचे होते, आणि साडेतीन मिनिटांत जेमतेम अकरा आवर्तने मावतात. म्हणजे गायिकेच्या हाती अकरा घरे आहेत आणि प्रत्येक घर भरून तिला पुन्हा समेवर यायचे आहे. आवर्तन भरणे ही जयपूर गायकीची मूळ कल्पना आहे. अन्य काही घराण्यांत आलाप तालाच्या वरून तरंगत जातो आणि समेच्या थोडे आधी मुखडा उचलला जातो. येथे तसे होत नाही. प्रत्येक स्वरवाक्य मात्रेच्या, किंबहुना अर्ध्या-पाव मात्रेच्या आधाराने पुढे सरकते, आणि आवर्तनाच्या मध्यावरच पुढची सम कशी येणार याची चाहूल लागू लागते. तानही सरळ चढून सरळ उतरत नाही. स्वरांच्या जोड्या उलटसुलट गुंफीत ती वळणे घेते. तरीही ती समेवर नेमकी येते. ऐकणाऱ्याला जो धक्का बसतो तो याच ठिकाणी, आणि पुढे आनंद मिळतो तोही याच ठिकाणी.

म्हणून प्रत्येक तबकडी निदान तीनदा ऐकावी. पहिल्या वेळी केवळ आवाजाकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या वेळी गायन जवळजवळ विसरून तबल्याचा ठेका धरावा व बोटांवर मात्रा मोजाव्यात. हे काम रुक्ष वाटते, पण त्यावाचून या गायकीचे अर्धे सौंदर्य निसटते. तिसऱ्या वेळी ठेका आपोआप चालू राहतो आणि स्वरवाक्ये त्यावर कोठे टेकतात हे ऐकू येऊ लागते.

भैरवीचा दरवाजा

आज केसरबाईंचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांतील बहुतेकांनी ते एका भैरवीमुळे ऐकलेले असते. अमेरिकेने 1977 मध्ये अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची एक सुवर्णमुद्रिका ठेवण्यात आली. तिच्यात केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. यानांचे उड्डाण 20 ऑगस्ट आणि 5 सप्टेंबर रोजी झाले, आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाई निवर्तल्या. हा योगायोग वारंवार सांगितला जातो व तो हृद्य आहेच.

परंतु पहिले पाऊल म्हणून ही भैरवी सुचविण्यात एक अडचण आहे. तिच्यातून केसरबाईंच्या आवाजाची ओळख होते. त्यांच्या गायकीची होत नाही. भैरवी हा मैफलीचा समारोप असतो. त्यात रागाच्या शिस्तीला मुद्दाम सैल सोडलेले असते, भाव पुढे असतो आणि तालाचे गणित मागे सरते. भैरवीवर लुब्ध झालेला श्रोता पुढे नटकामोद लावतो, त्याला तेथे भैरवीचे मार्दव सापडत नाही आणि तो निराश होतो. ‘सोपे’ म्हणून ठुमरी, नाट्यपद वा भजन आधी ऐकविण्याची जी पद्धत संगीतवर्गांतून दिसते, तिच्यावरही हाच आक्षेप घेता येईल. गोड पदार्थाने भूक वाढते असे नाही. भैरवी अवश्य ऐकावी, परंतु ती मैफलीप्रमाणेच शेवटी ऐकावी.

परिचित रागांपासून

खरी सुरुवात परिचित रागाच्या ख्यालापासून व्हावी. केसरबाईंचा मालकंस त्या दृष्टीने सर्वांत सोयीचा आहे. रिषभ आणि पंचम वर्ज्य असलेला हा पाच स्वरांचा राग मराठी श्रोत्याच्या कानांवर कोठे ना कोठे पडलेला असतोच. रागाचा चेहरा ओळखीचा असल्याने लक्ष गायिकेच्या कृतीकडे जाऊ शकते. मालकंस म्हटला की मंद्रातील संथ, गंभीर आलापी अनेकांना अपेक्षित असते. केसरबाई गांभीर्य राखतात, परंतु ते संथपणातून येत नाही. स्वराच्या भरीवपणातून आणि गमकयुक्त तानेच्या वजनातून येते. हा फरक एकदा कानांनी टिपला की घराण्याची अर्धी ओळख पटली. (याच घराण्यात सातही स्वर घेणारा ‘संपूर्ण मालकंस’ गाइला जातो. तो नवख्याने एवढ्यात ऐकू नये. हाती आलेले सूत्र सुटेल.)

त्यानंतर ललित घ्यावा. पहाटेच्या या रागात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात. शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमावर जाऊन परतण्याची क्रिया अन्य गायकांकडे अनेकदा करुण, विनवणीच्या स्वरूपाची असते. केसरबाईंच्या तबकडीत ती निश्चयी वाटते. काहींना हा ललित कोरडा वाटतो. दोन-तीनदा ऐकल्यावर ध्यानात येते की येथे भाव शब्दांच्या उच्चारात किंवा आवाजाच्या कंपात शोधायचा नाही. स्वर किती ठामपणे लागला आणि लयीत कोठे बसला यात तो आहे. देसी, गौडमल्हार, तिलककामोद यांच्या तबकड्या या पायरीवर कोणत्याही क्रमाने ऐकाव्यात. पावसाळ्यात गौडमल्हार ऐकण्यास वेगळे निमंत्रण नको.

या टप्प्यावर किशोरी आमोणकर (निधन 2017) यांचा भूप, ज्यात ‘सहेला रे’ ही द्रुत चीज आहे, शेजारी ठेवून ऐकणे उद्बोधक ठरते. मोगूबाईंच्या कन्या व शिष्या असलेल्या किशोरीताईंनी घराण्याची लयबद्ध चौकट सैल करून भावाविष्काराला अग्रस्थान दिले. त्यांचा भूप अधिक सुगम आहे यात शंका नाही, आणि अनेक तरुण श्रोते तेथूनच या घराण्याकडे वळले. मात्र किशोरीताईंनी काय सोडले आणि का सोडले, हे केसरबाई ऐकल्यावाचून समजत नाही.

जोडरागांकडे

जोडराग म्हणजे दोन रागांची केवळ बेरीज असे समजून ऐकणारा श्रोता सतत ‘आता कोणता राग चालू आहे’ या प्रश्नात अडकतो. यावर एक उपाय आहे. नटकामोद ऐकण्यापूर्वी कोणाही चांगल्या गायकाचा कामोद दोन दिवस ऐकावा. रिषभावरून पंचमावर जाणारी झेप ही कामोदाची खूण कानांत बसली पाहिजे. नटाची चाल त्याहून सरळ असून षड्जापासून पायरीपायरीने चढत मध्यमावर विसावणारी आहे. या दोन खुणा माहीत झाल्या की केसरबाईंचा नटकामोद एकदम उघडतो. दोन रागांमधील सांधा ऐकू येत नाही, आणि तीच तर त्यातील करामत आहे. नटाच्या मध्यमावरून उतरता उतरता रिषभ येतो, आणि त्याच रिषभावर पाय रोवून कामोदाची झेप घेतली जाते.

ललितागौरी मात्र अखेरीस ठेवावी. वर सांगितलेला ललित येथे उपयोगी पडतो. ललितात पंचम नाही; म्हणून ललितागौरीत जेव्हा पंचम लागतो, तेव्हा आपण गौरीच्या प्रदेशात आलो असे निश्चित समजावे. षड्जाभोवती कोमल रिषभ आणि मंद्र निषाद यांची वळणे येऊ लागली की गौरी अधिकच स्पष्ट होते. पहाटेचा ललित आणि सायंकाळची गौरी यांना जोडणारा हा राग दिवेलागणीला गातात. दोन संधिकाल एका रागात आणण्याची ही कल्पना नुसती ऐकूनही चकित करते. केसरबाईंच्या गळ्यातून ती ऐकताना तिच्यातील कृत्रिमतेचा संशय उरत नाही.

मैफलींची ध्वनिमुद्रणे

तबकड्यांखेरीज केसरबाईंच्या मैफलींची काही खासगी ध्वनिमुद्रणे रसिकांकडून रसिकांकडे पोहोचत राहिली, आणि आज ती महाजालावरही सापडतात. त्यांचा ध्वनी बऱ्याच ठिकाणी अस्पष्ट आहे; तंबोरे दबलेले, तबला दूर. अशा ध्वनिमुद्रणाने सुरुवात करणारा श्रोता गायकीला दोष देतो, जो वस्तुतः यंत्राचा असतो. तबकड्यांतून कान तयार झाल्यावर मात्र हीच मुद्रणे अमूल्य ठरतात, कारण तबकडीवर ज्या विस्ताराची केवळ रूपरेषा आहे, तो विस्तार येथे प्रत्यक्ष होतो. 1963-64 च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गायन थांबविले. 1969 मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्र शासनाचा ‘राज्यगायिका’ हा बहुमान त्यांना मिळाला तेव्हा त्यांची मैफल ऐकणे दुर्लभ झाले होते.

विस्ताराची ही बाजू स्वच्छ ध्वनिमुद्रणात ऐकायची असेल, तर दोन नावे सुचविता येतील. पहिले मल्लिकार्जुन मन्सूर यांचे. त्यांना मंजीखाँ व भुर्जीखाँ या अल्लादियाखाँच्या पुत्रांची तालीम मिळाली आणि त्यांची दीर्घ ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत. दुसरे नाव कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (1927-2014) यांचे. कोल्हापुरात भुर्जीखाँकडे शिकल्यानंतर त्यांना 1960 च्या दशकात केसरबाईंनी शिष्या म्हणून स्वीकारले. केसरबाईंनी आपली विद्या क्वचितच कोणास दिली, हे लक्षात घेता ही घटना महत्त्वाची होय. धोंडूताईंचा आवाज गुरूंइतका भारदस्त नाही. पण केसरबाईंच्या तबकडीत तीन मिनिटांत चमकून गेलेली जागा त्यांच्या गायनात सावकाश, उलगडून दाखविल्यासारखी येते, आणि मग मूळ तबकडी पुन्हा लावण्याची इच्छा होते.